गडावर पाणी कोण भरत होतं?

ऐतिहासिक कादंबरी हातात घेतली की मी एक गोष्ट हमखास शोधते. हिच्यात कुणी पाणी भरतं का? तलवारी असतात, घोडे असतात, मुजरे तर पानोपानी. पण त्या गडावर एवढी माणसं राहायची, ती भाकरी कुणाच्या हातची खायची, जात्यावर कोण बसायचं, टाक्यातून हंडा भरून चढ कोण चढायचं, याचा पत्ताच नसतो. लेखकानं बखर वाचलेली असते, गड पाहिलेला नसतो. पाहिलाच असला तर पायथ्याशी गाडी लावून, फोटोपुरता.

हे मी मावळात राहून म्हणते, म्हणून जरा अधिकारानं म्हणते. आमच्या तळेगाव दाभाड्यात गो. नी. दांडेकर राहत होते. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. १९१६ मध्ये तिकडे विदर्भात परतवाड्याला जन्म, १९९८ मध्ये पुण्यात निधन, पण मधला मोठा काळ आमच्या गावात. त्यांचं लिहिणं हे आधी चालणं होतं. खांद्यावर पिशवी, गळ्यात कॅमेरा आणि पायाखाली सह्याद्री. एकेका गडावर किती वेळा गेले असतील! पावसाळ्यात, उन्हाळ्यात, चांदण्यात. ‘दुर्गदर्शन’, ‘दुर्गभ्रमणगाथा’ ही पुस्तकं त्यातनं आली आणि शिवकाळावरच्या पाच कादंबऱ्याही त्यातनंच आल्या. ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ आणि ‘हे तो श्रींची इच्छा’.

ही पाच नावं एकदा मोठ्यानं म्हणून बघा. पाचातल्या चारांत देव आहे. एकीत आईला दार उघडायची विनवणी, एकीत रणातला गजर, एकीत दर्यावरची भवानी, एकीत श्रींची इच्छा. पाचवीत तेवढी माची. म्हणजे देव आणि डोंगर, बस्स. या माणसाच्या लेखनाचं सगळं भांडवल या पाच नावांत आलं, असं मला वाटतं.

श्रद्धा ही त्यांची लिहिण्यासाठी घेतलेली पोज नव्हती. तेराव्या वर्षी, गांधीजींच्या चळवळीचं वारं लागलं आणि हा मुलगा शाळा सोडून, घर सोडून निघाला. पुढे गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिला, साधूबैराग्यांत फिरला, ज्ञानेश्वरी शिकला, नर्मदेची परिक्रमा केली. त्या परिक्रमेवर ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आहे, आणि सगळ्या भटकंतीवर ‘स्मरणगाथा’ आहे. तिला १९७६ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. ज्ञानदेव, तुकाराम, रामदास यांच्यावर त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, त्याही त्याच वाटेवरच्या. वारकरी जसा वाटेला देव मानतो तसे ते गडाला मानायचे.

आता याच्या अगदी उलट गोष्ट सांगते. ‘बेन-हर’ हा सिनेमा तुमच्यापैकी पुष्कळजणींनी टीव्हीवर पाहिला असेल. रथांची शर्यत विसरता येत नाही. ती मूळ कादंबरी ल्यू वॉलेस नावाच्या अमेरिकन गृहस्थानं लिहिली, १८८० साली. येशूच्या काळातली गोष्ट, जेरुसलेमच्या गल्ल्या, वाळवंट, उंट, सगळं तपशीलवार. आणि या माणसानं तोवर जेरुसलेम पाहिलंच नव्हतं! नकाशे आणि ग्रंथालयातली पुस्तकं समोर ठेवून सगळं रचलं. पुढे तुर्कस्तानात अमेरिकेचा वकील म्हणून नेमणूक झाली तेव्हा तो प्रत्यक्ष जाऊन आला, आणि एक अक्षर बदलावं लागलं नाही म्हणून खूश झाला. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे लिहायला घेतलं तेव्हा तो फारसा धार्मिकही नव्हता. त्यानंच सांगून ठेवलंय की लिहिता लिहिता त्याचा विश्वास बसत गेला.

म्हणजे एकाला कागदातनं श्रद्धा सापडली आणि दुसऱ्याची श्रद्धा पायातनं कागदावर आली. कागदातनंही चांगली कादंबरी होते, हे कबूल. पण मला अप्पांची रीत जास्त जवळची वाटते, आणि त्याचं कारण भक्तीचं नाही, व्यवहाराचं आहे. कागदात बायका नसतात. सनदा, महजर, पत्रं, सगळी पुरुषांनी पुरुषांना लिहिलेली. आईसाहेब, राणीसाहेब सोडल्या तर नाव येतं ते कुणाची तरी विधवा म्हणून, तेही वतनाचा तंटा असेल तर. गडावर मात्र त्यांच्या खुणा आहेत. टाक्याच्या पायऱ्या झिजल्यात त्या कुणाच्या पायांनी? वाड्याच्या जोत्यापासून पाण्यापर्यंत जी अरुंद वाट जाते ती कुणाची? तिकोन्यावर तळजाईच्या लेण्यापुढे पाणी आहे. तिथे उभं राहिलं की आपसूक कळतं, रोज इथं कोण येत असेल. हे कुठल्याही दप्तरखान्यात कळायचं नाही. त्यासाठी चढावंच लागतं.

आणि इथंच माझी तक्रार सुरू होते.

अप्पा तेराव्या वर्षी घरातून निघाले. मुलगी असते तर? तिला परत आणलं असतं, किंवा तिचं नाव घरात पुन्हा घेतलं नसतं. ‘आशक मस्त फकीर’ हे त्यांचं चरित्र त्यांच्या लेकीनं, वीणा देव यांनी लिहिलं. नाव अगदी चपखल. पण फकिरी बाईला परवडते का हो? नवरा डोंगरात आहे म्हटल्यावर दारावर आलेल्या माणसाला पाणी द्यायला, मुलांच्या शाळेची फी भरायला कुणीतरी घरात असावंच लागतं. हे मी कुणा एका घराबद्दल म्हणत नाही. आपल्याकडच्या प्रत्येक मोठ्या भटक्याच्या मागे असं एक न भटकलेलं माणूस असतं, आणि ते बहुतेक वेळा बाई असते.

लक्ष्मीबाई टिळक आठवा. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसून हसून बेजार होतो, पण त्यातलं दुःख काय आहे? नवरा देवाच्या शोधात कधी कुठं निघून जाईल नेम नाही आणि बाई मागे राहते. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना स्वतःच्या वाटेनं तिथं पोहोचायला १९०० उजाडलं. नवऱ्याच्या मागनं फरफटत गेल्या नाहीत, विचार करून गेल्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ अर्धवट सोडलं होतं, ते नंतर यांनी पुरं केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं!

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आणखी वेगळं. त्या लहानपणापासून चालल्या. वडिलांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं आणि सगळं कुटुंब तीर्थं करत, पुराणं सांगत देशभर पायी फिरलं. आईवडील दुष्काळात गेले, तरी बहीणभाऊ चालतच राहिले ते १८७८ मध्ये कलकत्त्यापर्यंत. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती सदन उभारलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते छापण्याचं कामही तिथल्या बायकांनीच केलं. धर्म बदलल्याबद्दल त्यांना जेवढी बोलणी बसली त्याच्या निम्मं कौतुक त्यांच्या पायांचं झालं असतं तर? इतकं चाललेली दुसरी मराठी लेखिका मला तरी माहीत नाही.

अप्पांकडे परत येते. भक्तीचा एक तोटा असतो, माणूस ज्याला देव मानतो त्याला प्रश्न विचारत नाही. शिवकाळावरच्या त्यांच्या कादंबऱ्या वाचताना मला हे जाणवतं. मन भरून येतं, पण शंका कुणालाच येत नाही. त्याच लेखकाची ‘पडघवली’ घ्या. ती अंबावहिनी स्वतः सांगते. कोकणातलं एक गाव मोडत जातं आणि ही बाई उभी राहून बघते, सावरायला जाते. पुरुषानं बाईच्या तोंडून लिहिलंय हे वाचताना विसरायला होतं. ‘शितू’ही तशीच. मग मला प्रश्न पडतो, ही अंबावहिनी शिवकाळात का नाही गेली? गडावरच्या हवालदाराच्या घरात एखादी असणारच की. ‘पवनाकाठचा धोंडी’मध्ये तिची थोडी चाहूल लागते, कारण ती राजांची गोष्ट नाही, गडाची हवालदारी मिरवणाऱ्या एका साध्या घराची आहे. पवन मावळातली. पुढे धरण झालं, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडलं, कितीतरी गावं उठली. आज धरणाकाठी तंबूत राहायला येणाऱ्यांना त्या पाण्याखाली काय होतं ते माहीत नसतं. कादंबरीत ते आहे. पायी हिंडणाऱ्यानं लिहून ठेवलं म्हणून आहे.

राजमाचीचंही तेच. ‘माचीवरला बुधा’ वाचून मी पहिल्यांदा राजमाचीला गेले ती पन्नाशीला टेकल्यावर. त्याआधी कधी जमलंच नाही. नोकरी, सासूबाईंचं आजारपण, मुलांची दहावी-बारावी, यादी तुम्हाला पाठ आहे. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूनं पंधरा-सोळा किलोमीटर. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, मधे भैरवनाथाचं देऊळ आणि जवळ उधेवाडी. तिथं एका मावशींकडे पिठलं-भाकरी खाल्ली. मी उत्साहानं विचारलं, “मावशी, तुम्ही किती वेळा गेलात वर गडावर?”

त्या तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, “गुरं चुकली की जायचं. हौसेनं कोन जातंय बाई? तुमाला हौस हाय, तुमी जा.”

मी गप्प बसले. खालच्या दरीतनं रेल्वेची शिट्टी आल्यासारखी वाटली. मावशींनी पुढे आपणहून सांगितलं, सासू कुठनं पाणी आणायची, उन्हाळ्यात कुठलं टाकं आधी आटतं, कुठलं पाणी प्यायचं आणि कुठलं नुसतं गुरांना. एवढं मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं. अप्पांनाही वाटेवर अशाच घरांनी जेवू घातलं असणार, अशाच बायकांनी माहिती पुरवली असणार. ऐतिहासिक कादंबरीच्या मागची ही फौज कुठल्या प्रस्तावनेत येत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यात आमचा लोहगडही आहे. आनंद झाला, पेढेही वाटले. आता त्यावर पुस्तकं येतील, मालिका येतील. त्यात परत त्याच तलवारी आणि तेच संवाद असतील तर मात्र काय उपयोग? मळवलीला लोकलनं उतरायचं आणि चालत सुटायचं, एवढं तर आपल्याला आता करता येतं. घरी सांगून जाता येतं, चारचौघी मिळून जाता येतं. मुलं मोठी झालीत, गुडघे अजून शाबूत आहेत. मग लिहायचं का नाही?

विषय तर दारातच पडलाय. उमाबाई दाभाडे. माहेर नाशिककडचं, सासर आमचं तळेगाव. नवरा खंडेराव सेनापती, तो १७२९ मध्ये गेला. मुलगा त्र्यंबकराव १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पडला, तोही बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना, म्हणजे आपल्याच माणसांकडून. त्यानंतर सेनापतीपदाचा सगळा कारभार या बाईनं हाकला. वणीच्या सप्तशृंगी गडावर देवीला जायला पायऱ्या बांधवून घेतल्या. पुढे १७५१ च्या सुमारास ताराबाईंच्या बाजूनं पेशव्यांविरुद्ध उभी राहिली, कैदेत पडली, १७५३ मध्ये गेली. मुलगा ज्यांनी मारला त्यांच्याशी तिनं मधली वीस वर्षं कसं जमवून घेतलं असेल? देवीसमोर बसून ती काय मागत असेल? कागद याचं उत्तर देत नाहीत. हे कादंबरीचंच काम आहे, आणि ते एखाद्या बाईनं केलेलं मला जास्त आवडेल.

आमच्या भिशीतल्या एकीला मी हे नुसतं बोलून दाखवलं होतं. शाळेत इतिहास शिकवायची, आता निवृत्त आहे. गेल्या दिवाळीनंतर ती बहिणीला घेऊन वणीला जाऊन आली, पायऱ्या चढून, मोजत. परत आल्यावर तिनं मला चार पानं वाचायला दिली. लढाई नाही, दरबार नाही. एक सून आहे, माहेराहून देवीचा अंगारा घेऊन तळेगावला निघालेली, आणि पालखीचे भोई पाण्यासाठी थांबलेत.