बालकांच्या रक्ताची नोंद आधी, परवाना नंतर

रासायनिक कारखान्याच्या परवान्यासाठी जी कागदपत्रे सरकारदरबारी दाखल होतात, त्यांत जमिनीचा सातबारा असतो, पाण्याच्या वापराचा अंदाज असतो, सांडपाण्याच्या विल्हेवाटीची तजवीज असते. परंतु त्या कारखान्याच्या आसमंतात जी मुले लहानाची मोठी होणार आहेत, त्यांच्या रक्तात आज काय आहे, याचा दाखला कोणत्याही दप्तरात आढळत नाही. पुढे पंधरा-वीस वर्षांनी त्या गावांत थायरॉइडचे विकार वाढल्याची तक्रार झाली, की 'पूर्वी हे नव्हते कशावरून?' एवढ्या एका प्रश्नावर गावकऱ्यांची फिर्याद निकालात निघते.

थायरॉइड ही कंठातील लहानशी ग्रंथी. पण अन्नातील आयोडीनपासून ती जे संप्रेरक निर्माण करते, त्यावाचून मेंदूची घडण यथास्थित होत नाही. गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत गर्भ सर्वस्वी मातेच्या संप्रेरकावर विसंबून असतो, आणि जन्मानंतरही बाळापाशी या संप्रेरकाचा फारसा साठा नसतो. म्हणूनच संप्रेरकाची जी घट प्रौढ माणसाला केवळ थकवा आणील, तीच घट बालकाच्या बुद्धीच्या आणि उंचीच्या वाढीला कायमची खीळ घालू शकते. अशा या नाजूक व्यवस्थेत ढवळाढवळ करणाऱ्या पदार्थांपैकी पीएफओए हे एक रसायन. टेफ्लॉनच्या निर्मितीत ते दीर्घकाळ वापरले गेले. ते निसर्गात विघटन पावत नाही, मातेच्या नाळेतून आणि दुधातून बालकाकडे जाते, आणि एकदा शरीरात शिरले की त्याचे प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे दोन ते चार वर्षे लागतात.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील पार्कर्सबर्ग शहरानजीक, ओहायो नदीच्या काठी, ड्यूपाँ कंपनीचा टेफ्लॉनचा कारखाना होता. १९८४ साली कंपनीने आजूबाजूच्या गावांतील दुकानांच्या नळांचे पाणी बाटल्यांत भरून आणवले आणि तपासले. त्यात पीएफओए सापडले. हे पाणी ज्यांच्या पोटात रोज जात होते, त्या आयाबायांना आणि त्यांच्या मुलांना याचा थांगपत्ता पुढची कितीतरी वर्षे लागला नाही. आपली जनावरे मरत असल्याची एका शेतकऱ्याची कैफियत घेऊन रॉबर्ट बिलट या वकिलाने कंपनीचे दप्तर न्यायालयामार्फत उघडावयास लावले, तेव्हा कोठे हे प्रकरण जगासमोर आले.

त्यानंतर तेथील रहिवाशांनी सामूहिकपणे लढलेल्या खटल्याच्या तडजोडीतून जे घडले, ते आपण मुद्दाम ध्यानात घेण्याजोगे आहे. २००५-०६ मध्ये दूषित पाणी प्यालेल्या सुमारे ६९,००० लोकांनी मोबदला घेऊन प्रश्नावली भरून दिली आणि बाही वर सारून रक्त दिले. खर्च कंपनीचा, पण निष्कर्ष काढण्याचा अधिकार उभय पक्षांनी मान्य केलेल्या तीन शास्त्रज्ञांचा. २०१२ साली या मंडळाने सहा विकारांशी पीएफओएचा संभाव्य संबंध असल्याचा निर्वाळा दिला. त्यांत थायरॉइडचा विकार होता. याच लोकांपैकी एक ते सतरा वर्षांच्या १०,७२५ मुलांच्या अभ्यासातही, ज्यांच्या रक्तात हे रसायन अधिक, त्यांच्यात थायरॉइडचे कार्य मंदावल्याची नोंद अधिक, असे आढळले. एखाद्या विशिष्ट मुलाचा आजार याच पाण्यामुळे झाला, असे यावरून सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु मोजमापच झाले नसते, तर हा संबंध कोणाच्या स्वप्नातही आला नसता, हेही तितकेच खरे.

हा विषय सातासमुद्रापलीकडचा राहिलेला नाही. इटलीतील विचेन्झा प्रांतात त्रिस्सिनो येथील मितेनी कंपनीच्या याच जातीच्या रसायनांनी भूजल दूषित झाले, त्याची झळ सुमारे साडेतीन लाख लोकांना पोहोचली, २०१८ मध्ये कंपनीने दिवाळे काढले, आणि २०२५ साली तेथील न्यायालयाने ११ माजी अधिकाऱ्यांना कारावासाची शिक्षा फर्मावली. त्याच कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली आणि रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत येऊन पोहोचली. तेथे अपाय झाला आहे, असे मला म्हणावयाचे नाही. अपाय झाला की नाही, हे उद्या कोणालाही निर्विवाद सांगता यावे, एवढीच माझी मागणी आहे.

कोकणात रोजगार हवा, आणि पुराव्यावाचून उद्योगांच्या वाटेत धोंड घालू नये, असा आक्षेप यावर घेतला जाईल. रोजगाराची निकड मला पूर्णपणे मान्य आहे. पण पुरावा हवा म्हणणाऱ्याने पुरावा गोळा करण्याची वाट तरी मोकळी ठेवली पाहिजे. वसाहतीभोवतालच्या विहिरींचे व नळांचे पाणी दर वर्षी तपासावे; पालकांच्या संमतीने मुलांच्या रक्ताचे नमुने घेऊन ते सरकारी प्रयोगशाळेत जतन करावेत; आणि प्रत्येक नवजात बालकाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉइडची तपासणी ग्रामीण रुग्णालयातच व्हावी. गोव्याने नवजात बालकांच्या अशा तपासणीचा उपक्रम २००८ मध्येच सुरू केला होता, आणि दोष वेळीच कळला, तर रोजच्या एका स्वस्त गोळीने बालकाची बुद्धी वाचते. या साऱ्याचा खर्च कारखानदारांकडून वसूल व्हावा, निष्कर्ष मात्र त्यांच्या हाती नसावेत, आणि ते ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावेत.

आपल्या मुलांचे आरोग्य बिघडले हे सिद्ध करण्याचा भार आज गरीब आईबापांवर आहे, आणि तो वाहण्याचे कोणतेही साधन त्यांच्यापाशी नाही. जो नफा घेतो त्याने मोजमापाचा खर्च सोसावा आणि जे सरकार परवाना देते त्याने त्या मोजमापाची हमी द्यावी. ही अट पाळली जाणार नसेल, तर परवान्यावर सही होता कामा नये.