बारा हजारांत समुद्रकाठ

मागच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही मोटारीने कोकण किनारा पाहायचं ठरवलं. वीस हजार साठवले होते. त्यातले आठ हजार अम्मींच्या गुडघ्यांच्या उपचारात गेले. अम्मी म्हणाल्या, "मी घरीच राहते, एका माणसाचा खर्च वाचेल."

आम्ही माणूस वगळलं नाही, हॉटेल वगळलं. मुलांसमोर वही उघडली: पेट्रोल 4,000, तीन रात्री घरगुती निवास 4,500, जेवण 2,500, होडी, फेरीबोट आणि अडीअडचणीला 1,000. पहिल्या दिवसाचा डबा घरचाच.

पुण्याहून फजरनंतर निघून अलिबागमार्गे मुरूड गाठलं. दुसऱ्या दिवशी मुलं राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेली. सिद्दींच्या त्या किल्ल्यात, चहूकडे खारं पाणी असताना, गोड्या पाण्याचे तलाव आहेत. अम्मींना होडीत चढणं जमेना. त्या धक्क्यावरच बसल्या.

मग आगरदांड्याहून दिघीला मोटारीसकट फेरीबोटीने गेलो. खाडीचा मोठा वळसा आणि पेट्रोल, दोन्ही वाचलं. इथे मात्र अम्मी गाडीतून उतरल्या आणि पैलतीर येईपर्यंत कठडा धरून उभ्या राहिल्या. पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर पाहून परतलो.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळ्याआधी जा, फेरीबोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या आणि उजेडात मुक्कामी पोहोचा.

घरी हिशेब केला तेव्हा तीनशे रुपये उरले होते. अम्मी म्हणाल्या, "पुढच्या वर्षाच्या पाकिटात टाका. इन्शाअल्लाह, मीही येईन."