दम्याचा झटका आणि पहिला तास

दम्याचा तीव्र झटका आलेल्या रुग्णास रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आणले, म्हणजे त्यास साल्बुटामॉलचा फवारा दिला जातो. जरूर तर प्राणवायूही लावतात. काही मिनिटांत धाप उणावते आणि सोबतच्या आप्तांचा जीव भांड्यात पडतो. घोटाळा होतो तो नेमका याच वेळी.

फवाऱ्याने श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल पडतात खरे. परंतु नलिकांच्या अस्तरावर आलेली सूज त्याने उतरत नाही. ती उतरविणारे औषध म्हणजे स्टेरॉइड, आणि त्याची चाल संथ असते. पेशींच्या केंद्रकात पोहोचून ते दाह वाढविणाऱ्या प्रथिनांची निर्मिती थोपविते. त्याचा गुण दिसण्यास निदान चार तास लागतात. म्हणूनच ते आधी द्यावयाचे. ‘फवाऱ्याने भागते का ते पाहू, मग स्टेरॉइडचे बघू’ हा विचार सावधपणाचा दिसतो. वस्तुतः तो पंगत बसल्यावर आधण ठेवण्याचा प्रकार होय.

तीव्र दम्यावर कॉर्टिसोन उपयोगी पडते, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाच्या चाचणीने १९५६ सालीच दाखविले होते. ते केव्हा द्यावे, हा प्रश्न मात्र पुढेही चर्चेत राहिला. कॅनडातील ब्रायन रो व त्यांचे सहकारी यांनी बारा चाचण्यांतील ८६३ रुग्णांचा एकत्रित आढावा २००१ साली प्रसिद्ध केला. रुग्ण आल्यापासून तासाभरात स्टेरॉइड दिल्यास सुमारे आठांमागे एकाचे रुग्णालयात दाखल होणे टळते, असे त्यातून दिसून आले. गिळता येत असेल तर प्रेडनिसोलोनची गोळी इंजेक्शनाइतकीच गुणकारी ठरते. (सुईवाचून औषध लागू पडत नाही, ही आपल्याकडील समजूत मोठी चिवट आहे.)

स्टेरॉइड हे नाव ऐकताच घरची माणसे दचकतात. ती भीती निराधार नव्हे. दीर्घकाळ पोटात घेतल्यास त्याने हाडे ठिसूळ होतात, मधुमेह जडू शकतो. पण झटक्यासाठी ते प्रौढास पाच ते सात दिवस आणि मुलास तीन ते पाच दिवसच द्यावे लागते. एवढ्या मुदतीत क्वचित झोप उडते, रक्तातील साखर चढते; मधुमेही रुग्णाने तसे आधीच सांगावे. वर्षातून अनेकदा हा उपचार करण्याची पाळी येत असेल, तर दोष रोजच्या उपचारात शोधला पाहिजे.

घरी जाताना रुग्णाच्या हाती उरलेल्या दिवसांच्या गोळ्या आणि रोज श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड, अशी दोन्ही असावयास हवीत. केवळ तात्पुरता आराम देणारा पंप देऊन त्याची बोळवण करण्याची रीत अद्यापि पुष्कळ ठिकाणी आढळते.