चावीची बंदूक

माझा भाचा अमेरिकेत असतो. गेल्या दिवाळीत घरी आला तेव्हा फराळ करता करता त्याने मोबाइलवरचे एक छायाचित्र दाखवले. त्याच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ, जन्मभर कारखान्यात लेथवर काम केलेले, दोन वर्षे गॅरेजमध्ये बसून एक पिस्तूल घडवत आहेत. साधेसुधे नव्हे, सोळाव्या शतकातले 'व्हीललॉक'. मी म्हटले, "अरे, पोलीस विचारत नाहीत?" तो हसला. "मामा, तिथल्या केंद्राच्या कायद्याला ही बंदूक बंदूकच वाटत नाही!"

उभी हयात बँकेत काढलेल्या माणसाला असे वाक्य स्वस्थ बसू देत नाही. कायद्याच्या व्याख्येतून नेमके काय निसटते, हे पाहण्याची खोड निवृत्तीनंतरही जात नाही.

हे यंत्र समजायला सिगारेटचा लायटर आठवावा. अंगठ्याने दातेरी चाक फिरवले की ते खड्यावर घासते आणि ठिणगी पडते. व्हीललॉकचे तत्त्व तेच. पोलादी चाकाच्या आसाला छोट्या साखळीने एक जाड स्प्रिंग जोडलेली असते. चावीने चाकाला पीळ द्यायचा, की ते ताणून अडकून बसते. मग चिमट्यात धरलेला पायराइटचा खडा त्यावर टेकवायचा. चाप ओढला की चाक गर्रकन फिरते, ठिणग्या उडतात, रंजक पेटते आणि बार होतो. सांगायला सोपे, जुळवायला महाकठीण. भाच्याच्या शेजाऱ्यांची साखळी दोनदा तुटली. स्प्रिंग एकदा फार कडक झाली, एकदा मऊ. रंजकेवरचे झाकण चाकाबरोबर आपोआप सरकायला हवे, ते नेमक्या क्षणी सरकेना. दोन वर्षे गेली ती या अशा गोष्टींत.

या चाकाच्या आधी होती ती तोड्याची बंदूक. तिचा तोडा सतत धुमसत ठेवावा लागे. तो दिसे, त्याचा वास येई, पावसात तो विझे. जळता तोडा अंगरख्यात लपवून कोणी दरबारात जाऊ शकत नव्हते. चावीच्या बंदुकीने हे सारे बदलले. घरून भरून, पीळ देऊन निघावे, झग्याखाली दडवावी आणि वेळ येताच चाप ओढावा. शस्त्र पहिल्यांदाच गुपचूप झाले.

त्याचा धाक लवकरच जाणवला. जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या एका बखरीत १५१५ सालची हकिगत आहे. तिथल्या एका तरुणाच्या हातात आपोआप पेटणारी बंदूक होती. ती चुकून उडाली आणि समोरची स्त्री जबर जखमी झाली. तरुणाला ४० फ्लोरिन भरपाई आणि शिवाय तिच्या हयातीपर्यंत दरसाल २० फ्लोरिन द्यावे लागले. मला यातले पेन्शन लक्षात राहिले, हा पेशाचा दोष. पुढे दोनच वर्षांत, १५१७ मध्ये, सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने आपल्या ऑस्ट्रियन मुलखात अशा बंदुकांवर बंदी घातली आणि लगेच १५१८ मध्ये ती साम्राज्यभर लागू केली. बंदुकीवरच्या जगातल्या पहिल्या कायद्यांत याची गणना होते.

बंदीचे काय झाले? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १५४० ते १५४५ च्या सुमाराचे एक देखणे दुनळी व्हीललॉक पिस्तूल आहे. म्युनिकच्या पीटर पेक नावाच्या घड्याळजी-बंदूकसाजाने ते केले, तेही सम्राट पाचव्या चार्ल्ससाठी. हा चार्ल्स म्हणजे बंदी घालणाऱ्या मॅक्सिमिलियनचा सख्खा नातू! आजोबांनी निषिद्ध ठरवले ते नातवाने हौसेने बाळगले. आणि १५८४ मध्ये डेल्फ्ट शहरात नेदरलंडचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याला बाल्थाझार जेरार्डने अशाच पिस्तुलाने त्याच्या घरात ठार मारले. त्या भिंतीवरची गोळ्यांची भोके आजही पर्यटकांना दाखवतात.

तरीही ही बंदूक घरोघरी पोचली नाही. याचे श्रेय सम्राटाच्या फर्मानाला देता येत नाही. ते द्यायचे तर त्या तुटणाऱ्या साखळीला आणि न सरकणाऱ्या झाकणाला. हे काम घड्याळजीच्या तोडीच्या कारागिराचे, आणि त्याचे दाम सरदारांनाच परवडणारे. साधा पायदळ शिपाई तोड्याचीच बंदूक वागवत राहिला. आपल्याकडे तर तोडा एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला. कायद्याला जे जमले नाही, ते कारागिरीच्या अवघडपणाने केले.

आजची अडचण इथे सुरू होते. हा अवघडपणाच आता संपत चालला आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत 'लिबरेटर' नावाच्या प्लास्टिकच्या पिस्तुलाचे आराखडे इंटरनेटवर आले. सरकारने दोनच दिवसांत ते काढायला लावले, पण तोवर लाखाहून अधिक वेळा ते उतरवून घेतले गेले होते. जुलै २०२२ मध्ये जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची नारा शहरात भर सभेत हत्या झाली. बंदुकीचे कायदे अत्यंत कडक असलेल्या त्या देशात मारेकऱ्याने बंदूक विकत घेतलीच नव्हती, ती घरी बनवली होती.

अमेरिकेचा १९६८ चा कायदा सन पाहतो. १८९८ पर्यंतची बंदूक, किंवा जुन्या पद्धतीने पेटणारी तिची नक्कल, त्याच्या व्याख्येबाहेर. म्हणून भाच्याचे शेजारी निर्धास्त. पाचशे वर्षांपूर्वी जिच्या भीतीने सम्राटाची झोप उडाली, ती आज निरुपद्रवी हौस ठरली आहे. आणि जोडून बंदूक बनेल अशा सुट्या भागांचा संच ही बंदूक मानायची का, हा प्रश्न मात्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या संचांना क्रमांक आणि खरेदीदाराची तपासणी सक्तीची करणारा २०२२ चा नियम न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी ग्राह्य धरला.

आपला १९५९ चा शस्त्र कायदा याबाबत अधिक शहाणा आहे. त्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही पहिल्यापासून येते. जुनी वस्तूही दुरुस्त करूनसुद्धा चालणार नसेल, तरच तिला सूट. आपला कायदा वय पाहत नाही, ती चालते का ते पाहतो. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षाही केली. मग रोजच्या वर्तमानपत्रात 'गावठी कट्टा जप्त' ही बातमी का असते? कागदावरची व्याख्या आणि गल्लीतला लेथ यांच्यामध्ये कोणीतरी रोज उभे राहावे लागते, म्हणून.

बँकेत आमच्या तिजोरीला दोन चाव्या असत. एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. एकट्याने तिजोरी उघडायची नाही. हा नियम कोणत्याही नव्या अधिकाऱ्याला जाचक वाटे, मलाही वाटला. पण तिजोरी सुरक्षित राहिली ती पोलादाच्या जाडीपेक्षा या रोजच्या कंटाळवाण्या शिस्तीमुळे. ज्या शाखेत 'माझी चावी तुम्हीच ठेवा' असा भलेपणा सुरू झाला, तिथे कधी ना कधी भानगड झालीच.

कठीण कारागिरी ही आजवर समाजाच्या तिजोरीची दुसरी चावी होती. ती कोणी मुद्दाम ठेवलेली नव्हती, तरी चोख काम करत होती. आता यंत्राने ती काढून घेतली आहे. पहिली चावी, कायद्याची, आपल्याकडे आहे. दुसरी कोणाच्या हाती द्यायची, हे ठरवायला पुन्हा एखाद्या भिंतीला भोके पडण्याची वाट पाहू नये.

जाताना भाच्याला म्हटले, "त्या शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांग. झाकण सरकायला लागले तर कळव." अशा दोन वर्षे खपणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती, ज्याला दोन वर्षे लागणारच नाहीत त्याची.