इसबाची जागा ओळखा

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचा हंगाम भरात येतो, त्याच सुमारास पावसावर पोसलेले गाजरगवत बांधावर, रस्त्याकडेला आणि पडीक जागेत कमरेएवढे होऊन पांढऱ्या फुलांवर आलेले असते. ज्यांच्या त्वचेला ते सोसत नाही, त्यांच्या पापण्या सुजतात, मान खाजून खाजून जाड आणि काळी पडते. कुणी त्याला उष्णता म्हणतो, कुणी फवारणीचा त्रास. मग औषधाच्या दुकानातून एक ट्यूब येते. खाज दोन दिवसांत थांबते आणि ट्यूब संपली की पुन्हा सुरू होते.

इसब म्हणजे एकच रोग नव्हे. तो शरीरावर कुठे उमटला आहे, यावरून त्याचे कारण बऱ्याचदा कळते. तान्ह्या बाळाच्या गालांवर आणि थोड्या मोठ्या मुलाच्या कोपराच्या व गुडघ्याच्या खोबणीत दिसतो तो बहुधा जन्मजात प्रवृत्तीचा, म्हणजे दमा किंवा सतत शिंका येणाऱ्या घराण्यातला. कपाळावर टिकलीएवढाच डाग असेल तर टिकलीचा डिंक, कानाच्या पाळीवर असेल तर खोट्या दागिन्यातले निकेल, पावलावर पट्ट्याच्या आकाराचा असेल तर रबरी चप्पल तपासावी. लसूण सोलणाऱ्या बाईच्या एकाच हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे भेगाळतात. पाकळी त्याच बोटांत धरलेली असते. घोट्याच्या आतल्या बाजूला काळपट, खाजरा पट्टा आणि वर फुगलेल्या शिरा दिसल्या, तर मूळ दुखणे रक्ताभिसरणाचे असते.

गाजरगवताचीही अशीच खूण आहे. 1950 च्या दशकात पुण्यात या तणाची नोंद झाली आणि 1970 च्या दशकात पुण्याच्याच रुग्णांवरून त्याच्या त्वचारोगाचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत आले. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या कणांबरोबर हवेतून येते आणि उघड्या अंगावर बसते. नुसत्या उन्हाचा त्रास असेल तर वरच्या पापण्या, कानामागची आणि हनुवटीखालची सावलीतली जागा सहसा वाचते. धूळ मात्र तिथेही शिरते. त्या जागाही बिघडल्या असतील, तर संशय आधी गाजरगवतावर घ्यावा.

जागेचा दुसरा हिशेब औषधाचा आहे. फेल्डमन आणि मेबॅक या अमेरिकी संशोधकांनी 1967 मध्ये हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड त्वचेतून किती शोषले जाते ते मोजले. हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत कपाळावर ते सहापट, वृषणाच्या त्वचेवर 42 पट, तर तळपायावर जेमतेम सातव्या हिश्श्याइतके शिरले. म्हणजे टाचेच्या भेगांसाठी दिलेली तीव्र ट्यूब चेहऱ्यावर किंवा जांघेत लावली, तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात. तीच ट्यूब पापण्यांवर महिनोन्‌महिने चोळली तर डोळ्यांनाही अपाय होऊ शकतो. त्यातून तो इसब नसून गजकर्ण असेल, तर स्टिरॉइडने खाज दबते आणि बुरशी मात्र पसरत जाते.

केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. नियम कागदावर आहे. तो दुकानाच्या काउंटरवर दिसायला हवा. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटण्याची जबाबदारी ग्रामपंचायत आणि बाजार समितीने घ्यावी. उपटणाऱ्यांना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे द्यावेत, आणि ज्यांना आधीच त्रास आहे त्यांना त्या कामावर पाठवू नये. रुग्णानेही डॉक्टरांना फक्त 'खाज येते' एवढेच सांगू नये. कुठून सुरू झाली, त्या दिवसांत हात कशात होते आणि आधी कोणती ट्यूब लावली, हेही सांगावे. जमल्यास ती रिकामी ट्यूब सोबत न्यावी. त्वचा बरी होण्याची वाट बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.