पहिल्या ‘ब्रेक’च्या आधीचे कोल्हापूर

सीवूड्सहून लोकलने अंधेरीला ऑडिशनसाठी जाणारे माझे मित्र ‘ब्रेक’ची वाट पाहतात. फाळक्यांनी विमा गहाण टाकल्याची कथा त्यांना पाठ आहे. मला मात्र विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल अधिक महत्त्वाचे वाटतात.

हे दोघे घडले कोल्हापुरात, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूरावांनी कॅमेराही स्वतःच घडवला होता. त्यांच्या हाताखाली माणूस रंगकामापासून छायाचित्रणापर्यंत अनेक कामे शिकत असे. १९२९ मध्ये शांताराम आणि धायबर यांच्यासह या दोघांनी ‘प्रभात’ उभी केली. भांडवल सीतारामपंत कुलकर्णी यांचे. ही बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. बोलपट आला तेव्हा दामल्यांनी ध्वनिमुद्रण आत्मसात केले, फत्तेलाल कलादिग्दर्शन सांभाळत राहिले. त्यांनी मिळून दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ आला १९३६ साली, म्हणजे दीड दशकाहून अधिक काळ हात काळे केल्यानंतर! पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

म्हणून मित्रांना मी विचारतो, आवाज कसा नोंदवतात, प्रकाश कसा योजतात, हे सध्या कुणाच्या हाताखाली शिकतो आहेस? बहुतेक जण विषय बदलतात.