जाड पुस्तक, पातळ पुस्तक

नोकरीसाठी पुण्यात आल्यापासून मी मावशीकडे राहते. मावशी एका शाळेत ग्रंथपाल आहे. लहानपणी मला वाटायचं, जगातली सगळ्यात आरामाची नोकरी हीच! पंख्याखाली बसायचं, वाचायचं आणि मुलं बोलली की 'शू...' करायचं.

आता रोज संध्याकाळी चहाबरोबर तिचा दिवस ऐकते, तेव्हा कळतं की वाचायला तिला वेळच नसतो. सोमवारी परत आलेल्या पुस्तकांतून काय काय निघतं! केसांची पिन, चिक्कीचा कागद, बसचं तिकीट, एकदा तर चक्क पोळीचा तुकडा. पावसात भिजलेलं पुस्तक आलं, तर पानापानांत वर्तमानपत्राचे कागद घालून ते पंख्याखाली ठेवायचं. मंगळवारी कुणीतरी शिक्षक रजेवर असतात, मग तो वर्ग थेट ग्रंथालयात! आणि परीक्षा जवळ आली की उलटं, ग्रंथालयाचाच तास गणिताला जातो. (यावर मावशी जे बोलते ते इथे लिहीत नाही.)

तिच्या पुस्तकांवर ड्यूई पद्धतीचे आकडे असतात. 500 म्हणजे विज्ञान, 900 म्हणजे इतिहास-भूगोल, 891.46 म्हणजे मराठी साहित्य. मुलांची पद्धत वेगळी. "बाई, भुताचं द्या." "बाई, ते निळं द्या, मागच्या वेळी याने नेलेलं."

पण गेल्या आठवड्यात तिच्या बोलण्यात एकच विषय होता. सहावीतला एक मुलगा.

हा मुलगा महिनाभर दर वेळी कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक न्यायचा. शेवटचं होतं 'मृत्युंजय'. पहिल्यांदा मावशी खूश झाली. मग तिच्या लक्षात आलं, पुस्तक परत येतं तेव्हा त्याची पानं नेली तशीच कोरी करकरीत असतात. काय आवडलं विचारलं, तर उत्तर ठरलेलं, "सगळंच छान आहे बाई. वाचून झालं."

बुधवारी तिने त्याला मदतीला बोलावलं. दाखल नोंदवहीतले क्रमांक आणि पुस्तकांची नावं वाचून दाखव म्हणाली. क्रमांक त्याने झरझर वाचले. नावं आली तसा आवाज बारीक झाला. एकेक अक्षर जुळवत होता, आणि जोडाक्षर आलं की थांबत होता. मावशी म्हणाली, "राहू दे रे, फार उकडतंय. जरा पंखा वाढव."

मी लगेच म्हटलं, "वर्गशिक्षकांना सांग ना!"

"सांगणार आहेच. पण आधी काहीतरी वाचण्यासारखं त्याच्या हातात जाऊ दे."

अडचण अशी की त्याला वाचता येतील अशी पुस्तकं खालच्या कप्प्यात, पहिली-दुसरीच्या मुलांसाठी. सहावीतला मुलगा तिथे वाकलेला दिसला की मित्र हसणार. जाड पुस्तकं तो कशासाठी नेत होता, हे आता आम्हाला कळलं होतं.

बी.लिब.ला असताना मावशीने रंगनाथन यांचे 1931 सालचे पाच नियम पाठ केले होते. त्यातला एक, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. "परीक्षेत पाच मार्कांना यायचं," ती म्हणाली. "पण त्याला ते लाजेमुळे मागताच येत नसेल तर काय करायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं."

गुरुवारी तिने त्याला विचारलं, "शनिवारी पहिलीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायला मला मोठं कुणीतरी हवंय. करशील? घरी नेऊन तयारी कर मात्र." त्याने खालच्या कप्प्यातलं एक पातळ पुस्तक घेतलं. सोळा पानांचं, मोठ्या अक्षरांचं. ते 'मृत्युंजय'मध्ये घातलं आणि दोन्ही छातीशी धरून निघून गेला. मावशीने दोन्हींची नोंद केली.

शनिवारी शाळा सकाळची असते आणि मला सुट्टी. पुस्तकांना कव्हर घालायला म्हणून गेले, पण खरं कारण तुम्हाला कळलंच असेल.

सतरंजीवर वीस-पंचवीस चिल्लीपिल्ली बसली होती. त्याने सुरुवात केली. हळू, पण सरळ. पुस्तक बहुतेक पाठ झालं असावं. चौथ्या पानावर मात्र अडला. एकदा, दोनदा. कान लाल झाले. मी मावशीकडे पाहिलं, तर ती मान खाली घालून लेबलं चिकटवत होती.

तेवढ्यात पुढची एक चिमुरडी चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "दादा, ते विमानतळ आहे!"

"हां, विमानतळ," तो म्हणाला आणि पुढे वाचायला लागला. शेवटपर्यंत वाचलं. लगेच ओरडा झाला, "परत! परत!" दुसऱ्यांदा तो चौथ्या पानावर थांबला नाही.

मुलं गेल्यावर मी लेबलं पाहिली. तीन उलटी चिकटवलेली होती. मी काही बोलले नाही.

तो टेबलापाशी आला. पातळ पुस्तक परत केलं आणि खालच्या कप्प्यातलं दुसरं मागितलं. पुढच्या शनिवारसाठी.

"आणि ते जाड?" मावशीने विचारलं. "झालं वाचून?"

तो जरा घुटमळला. "नाही बाई. अजून नाही झालं."

मावशीने शिक्का उचलला आणि 'मृत्युंजय'वर पुढची तारीख टाकून दिली.